एकटा बाप आणि कामाचे तास



१९७९ सालच्या 'क्रेमर विरुद्ध क्रेमर' या अमेरिकन चित्रपटात बायको घर सोडून जाते आणि न्यूयॉर्कच्या जाहिरात कचेरीतला टेड लहानग्या बिलीसह एकटा उरतो. पहिल्या सकाळी न्याहारी करताना तो हात भाजून घेतो. हळूहळू तो खरा बाप होतो. पण मुलापायी कामात कमी पडतो आणि नोकरी जाते. लोकांना त्याचे अश्रू आठवतात. आम्हा संघटनेच्या माणसांना ती नोकरी आठवते. मूल सांभाळणारा माणूस मालकाला जड होतो, हे कामकरी बायांना केव्हाच ठाऊक होते.

२०१८ साली केंद्र सरकारने आपल्या एकट्या पुरुष कर्मचाऱ्यालाही बालसंगोपन रजा दिली. कारखान्यातल्या बापाने तापाने फणफणलेले पोर कोणाजवळ ठेवावे? आमच्या मागणीपत्रांत हा प्रश्न आम्हीही कधी घातला नाही. आता घालू.