दुखणे आणि शुश्रूषा

मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेव्हा कर्करोगाविषयी बोलण्याचा मला अधिकार काय, असे तुम्ही विचारलेत तर ते रास्तच होईल. माझा अधिकार एवढाच, की सहा-सात आठवडे मी एका कर्करोग्याच्या उशाशी बसलो आणि तेथे माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती चूक तुमच्यापैकी कुणाच्या हातून होऊ नये म्हणून बोलावयाचे.

2016 सालची गोष्ट. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, प्राथमिक शाळेत शिक्षक. तीस वर्षे तंबाखू-चुना. आमच्याकडे तंबाखू हे व्यसन नव्हतेच, तो शिष्टाचार होता; चंची पुढे केली नाही तर पाहुण्याला राग यायचा. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, पण चुन्याच्या डबीवर बंदी कोण घालणार? गालाच्या आत चट्टा आला, तो चिघळला आणि तपासणीत जे निघायचे ते निघाले. मुंबईतल्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. मग किरणोपचार सुरू झाले. आठवड्यातले पाच दिवस, अशा तीस बैठका. शिवाय आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध.

आमच्या सगळ्यांच्या मनात उपचार म्हणजे ही तीनच अस्त्रे: सुरी, किरण आणि औषध. बाकीचे सारे, म्हणजे खाणेपिणे, झोप, दुखणे, ती झाली सेवा. ती घरच्या बाईमाणसाने करायची. डॉक्टरांचा आणि तिचा काय संबंध?

चौथ्या आठवड्यात संबंध कळला. किरणांचा मारा जोराने वाढणाऱ्या पेशींवर अधिक होतो. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण तोंडाचे आतले अस्तरही तसेच असते. तेही सदैव झिजत आणि नव्याने येत असते. त्यामुळे औषध लागू पडत असतानाच तोंड सोलून निघते. अण्णांचे तोंड आतून लालभडक झाले. थुंकी चिकट झाली. पाण्याचा घोट घेतला तरी डोळ्यांत पाणी यायचे. बोलणे थांबले. वहिनींनी मुलाच्या दप्तरातली पाटी आणून दिली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाट्या तपासलेला हा माणूस स्वतः पाटीवर लिहू लागला. एके सकाळी त्यावर लिहिले होते, ‘आज किरण नकोत. उद्याही नकोत.’

डॉक्टरांनी मला बाजूला बोलावले. मध्येच खंड पडला तर उरलेल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते, आणि अशा खंडाची किंमत पुढे मोजावी लागते, असे ते म्हणाले. नाकातून नळी घालून अन्न देऊ आणि दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू करू.

मी म्हटलं, “मॉर्फिन म्हणजे अफूच ना?” आणि नाही म्हणून आलो. वहिनी माझ्या शब्दाबाहेर नव्हत्या, भावजी एम. ए. झालेले. मला दोन भीती होत्या. एक, सवय लागेल. दुसरी मी कुणाला सांगितली नाही: मॉर्फिन देतात ते ज्यांची आशा सुटली त्यांना, अशी माझी समजूत होती. तेव्हा त्याला हो म्हणणे म्हणजे भावाला निरोप देण्यासारखे मला वाटले.

असे चार दिवस गेले. त्यांतल्या दोन बैठका बुडाल्या.

पाचव्या दिवशी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. अण्णांपुढे पाटी धरली आणि विचारले, “मास्तर, दुखतंय किती? दहापैकी मार्क द्या.” अण्णांनी लिहिले, 9. मग त्याखाली लिहिले, ‘एवढे मार्क मी कधी कुणाला दिले नाहीत.’ सिस्टर हसल्या. मग मला म्हणाल्या, “सर, तुमच्या भावाला झिंग नको आहे, झोप हवी आहे. द्यायची की नाही?”

त्या दिवशी दहा मिनिटांत त्या बाईंनी मला जे शिकवले ते मी पुढे वाचून पडताळून पाहिले. मॉर्फिन ठरलेल्या वेळी द्यायचे, साधारण दर चार तासांनी. दुखायला लागल्यावर नव्हे, दुखण्याच्या आधी. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा आणि रात्री दहा. रात्रीचा डोस बहुधा दुप्पट, म्हणजे मधे उठवावे लागत नाही. त्याने पोट हमखास बांधते, म्हणून रेचक बरोबरच सुरू करायचे. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळते. मग ते बहुधा ओसरते. आणि वैद्याच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. दुखणे कमी झाले की ते पायरीपायरीने उतरवून बंद करता येते.

हे ज्ञान काही काल-परवाचे नव्हे. सिसिली सॉन्डर्स नावाची इंग्रज बाई आधी परिचारिका होती, मग रुग्णालयात समाजसेविका झाली आणि रोग्यांच्या वेदनेसाठीच पुढे डॉक्टर झाली. तिने 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढले. वेदना ठरावीक वेळी औषध देऊन आधीच अडवायची, हे तिने तेथे करून दाखवले. वेदना नुसती शरीराची नसते, पैशाची काळजी, घरच्यांची चिंता, मनातली भीती हे सारे तिच्यात मिसळलेले असते, हेही तिचेच सांगणे. 1986 साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची तीन पायऱ्यांची शिडी जाहीर केली. तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना हे आपल्या देशातले अशा तऱ्हेचे पहिले शुश्रूषागृह सुरू झाले.

आणि आपला देश तरी कसा पाहा! मंदसौर-नीमचच्या बाजूला सरकारी परवान्याने अफूची शेते पिकतात. पण 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचे असे जंगल माजले, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट थोडी मोकळी झाली. कायद्यातली भीती कागदावर पुसता येते. माझ्यासारख्यांच्या मनातली कुणी पुसायची?

अशा शुश्रूषेला इंग्रजीत जो शब्द आहे, पॅलिएटिव्ह, तो लॅटिनमधल्या ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर घ्यायच्या वस्त्रावरून आला. (मास्तरकीची खोड, शब्दाचे मूळ काढल्याशिवाय चैन पडत नाही.) आपण त्याला पांघरूण म्हणू. चूक अशी होते, की हे पांघरूण आपण शेवटचेच समजतो. 2010 साली अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग झालेल्या 151 रोग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यांच्या जोडीला पहिल्यापासून अशी शुश्रूषा. दुसऱ्या गटातले रोगी मनाने अधिक स्वस्थ राहिले. एवढेच नव्हे तर सरासरीने सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले.

अण्णांना नाकातून नळी घातली. मॉर्फिनची गोळी कुटून, पाण्यात कालवून त्याच नळीतून देत. दुसऱ्या दिवशी पाटीवर 6 आले, चौथ्या दिवशी 3. त्या रात्री ते सहा तास झोपले आणि सकाळी आपणहून किरणांच्या खोलीकडे निघाले. बुडालेल्या दोन बैठका डॉक्टरांनी पुढे भरून काढल्या, पण ते दोन दिवस मी अजून विसरलेलो नाही.

मग बारीकसारीक गोष्टींचे महत्त्व कळू लागले. कोमट पाण्यात मीठ-सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा. मऊ ब्रश. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम, तो दुखला तरी. आणि सर्वांत मोठी ताकीद तापाची. सलाईनमधल्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. बहुधा डोसनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्या सर्वांत कमी असतात. त्या काळात ताप 100.4 च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही, त्याच घटकेला रुग्णालय गाठायचे. शेजारच्या खाटेवरच्या पोराला त्याच्या बापाने मध्यरात्री असे उचलून आणले होते. दिवस उजाडेपर्यंत थांबला असता, तर काय झाले असते ते सिस्टरांनी त्याला सांगितले नाही.

भेटायला येणाऱ्यांबद्दल एवढेच सांगतो, की मोसंबी आणा, पण ‘आमचा मेव्हणा असाच गेला’ ही हकीकत घरी ठेवून या.

घरात मात्र आम्ही एक नाटक चालवले होते. अण्णांपुढे ‘गाठ’ म्हणायचे, ‘कॅन्सर’ म्हणायचे नाही. वहिनींचा तसा दंडकच होता. एकदा त्या चहाला गेल्या असताना अण्णांनी पाटी माझ्यापुढे केली. ‘किरणांच्या खोलीबाहेर पाटी आहे. मला वाचता येते, हे तुझ्या वहिनीला तीस वर्षे झाली तरी पटलेले नाही.’ मी हसलो, आणि मग मला हसू आवरले नाही की रडू, ते सांगता येत नाही. त्या संध्याकाळी तिघे बसलो. अण्णांनी लिहून विचारले, वहिनींनी तोंडाने सांगितले. मुलीच्या लग्नाचे, पतपेढीच्या कर्जाचे. त्या रात्री मार्क 2.

उपचार संपल्यावर महिन्या-दीड महिन्यात तोंड भरून आले. मॉर्फिन उतरवत उतरवत बंद झाले, आणि मी ज्या सवयीची धास्ती घेतली होती ती कुठे दिसली नाही. अण्णांना अजून तोंडात थुंकी पुरेशी सुटत नाही. पाण्याची बाटली जवळ लागते. जबडा पुरता उघडत नाही. भाकरी दुधात कुस्करून खातात आणि ठेचा मागतात; तो वहिनी देत नाहीत. पाटी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे. तिच्यावर आता दुधाचा हिशेब लिहितात.