बसवनगुडीचे खत आणि नगरसेवकाची रिकामी खुर्ची

(भाषणाचा मजकूर)



नगरसेवक आपल्या वॉर्डातील रहिवाशांना वेळोवेळी जी माहिती पुरवितो ती वरवर पाहता अगदीच किरकोळ असते. ओला कचरा नेणारी गाडी किती वाजता येणार, बागेतील पालापाचोळ्याचे खत कोठे मिळणार, जत्रेच्या दिवसांत कोणता रस्ता बंद राहणार. राजकारणाची जाण असल्याचा दावा करणारे पुष्कळ लोक असल्या पत्रकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वास्तविक शहरात कोणाचे श्रम कोणाच्या सोयीसाठी राबविले जातात आणि त्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा, हा प्रश्न या किरकोळ मजकुरातच दडलेला असतो. बंगळूरच्या बसवनगुडीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

ही वसाहत आखली गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. १८९८ च्या प्लेगनंतर जुन्या पेठांतील दाटीवाटीतून लोक अशा नव्या वसाहतींकडे वळले. रुंद रस्ते, झाडी, मोकळी हवा हे सर्व तेथे होते. परंतु घरांच्या रांगांमागून एक अरुंद बोळही आखलेला होता. मैला उचलणाऱ्या कामगाराने घराच्या पुढच्या अंगाने येऊ नये, अशी ती व्यवस्था होती. नगररचनेच्या नकाशातच जातिव्यवस्था रेखाटली गेली होती, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेवर कर्नाटकात बंदी आली ती सत्तरच्या दशकात, देवराज अर्स मंत्रिमंडळातील दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा यांच्या पुढाकाराने.

खताच्या शास्त्रात बंगळूरचे नाव जगभर घेतले जाते, हे तेथील अनेक रहिवाशांनाही ठाऊक नसते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे जी पद्धत बसविली तिच्यात ढीग पुनःपुन्हा चाळवावा लागतो. त्याला मनुष्यबळ पुष्कळ लागते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत शहरातील कचरा आणि मैला यांचे थर खड्ड्यात एकावर एक रचून वरून माती लिंपतात आणि मग तो खड्डा हलवीत नाहीत. आरंभी आत उष्णता निर्माण होते, पुढे हवेवाचून कुजण्याची क्रिया संथपणे चालते आणि सहा ते आठ महिन्यांनी खत हाती येते. शहराने शेताकडून जे घेतले त्यातील काही अंश शेताला परत द्यावा, हे त्यामागील सूत्र होते. १९७५ मध्ये राज्याने कर्नाटक कंपोस्ट विकास महामंडळ स्थापन केले तेही याच हेतूने.

मग ज्या शहराने खताची पद्धत जगाला दिली त्याच शहराच्या वेशीवर कचऱ्याचे डोंगर का उभे राहिले? उत्तर सरळ आहे. आचार्यांच्या काळातील कचरा कुजणारा होता. पुढे त्यात प्लॅस्टिक, काच, बॅटऱ्या मिसळू लागल्या आणि मिसळलेल्या कचऱ्याचे खत शेतकरी घेईनासा झाला. त्याचबरोबर कचरा वाहून नेण्याचे काम कंत्राटदारांच्या हाती गेले. वाहतुकीच्या कंत्राटात जितका माल अधिक वाहावा तितका पैसा अधिक. ओला कचरा गल्लीतच जिरविला गेला तर कंत्राटदाराचे नुकसानच! मावळ्ळीपुरा गावच्या लोकांच्या विरोधामुळे तेथील कचराभूमी २०१२ मध्ये बंद पडली आणि सारा भार मंडूर गावावर पडला. २०१४ मध्ये मंडूरचे ग्रामस्थही रस्त्यावर उतरले. त्या वेळी शहराचे महापौरपद बसवनगुडीचेच नगरसेवक, भाजपचे बी. एस. सत्यनारायण यांच्याकडे होते; एका वॉर्डाचा आणि एका दूरच्या गावाचा संबंध किती जवळचा असतो हे यावरून दिसावे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध दिलेला लढा मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. मंडूर हे त्यांचे सख्खे भावंडच होय.

डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने घरोघरी ओल्या कचऱ्याचा एक डबा, टाकाऊ कचऱ्याचा दुसरा डबा आणि सुक्या कचऱ्याची पिशवी अशी विभागणी बंधनकारक केली. खताच्या चळवळीला त्यामुळे जोर आला. ओल्या कचऱ्यात सुका पाला मिसळला, ओल बेताची राखली, हवा खेळू दिली तर दुर्गंधी न येता दीड-दोन महिन्यांत गच्चीवरच खत तयार होते, हे गृहिणींनी करून दाखविले. बसवनगुडीला तर जुन्या वृक्षांमुळे पाल्याची ददात नाही.

कार्तिकातील अखेरच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळाभोवती कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. नंदी पीक खाऊन जातो म्हणून आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी पहिल्या शेंगा त्यालाच अर्पण करण्यास प्रारंभ केला, अशी आख्यायिका आहे. त्या गावांच्या शेतांवर आज इमारती उभ्या आहेत. शेंगा दूरच्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या राज्यांतूनही येतात. ढीग लावून रस्त्यावरच रात्र काढणारा विक्रेता आणि कागदी पुडी घेऊन फिरणारी गर्दी यांच्यामागे उरतात ती टरफले. शेंगांची टरफले कुजायला वेळ घेतात खरे, पण ओल्या कचऱ्याला जो सुका जोड लागतो तो त्यांच्याइतका चांगला क्वचितच मिळतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यात मिसळल्या की मात्र हाच माल कचराभूमीचा धनी होतो. अलीकडच्या वर्षांत कापडी पिशव्यांचा जो प्रचार परिषेत होत आला आहे त्याचे मोल येथे आहे.

परंतु जत्रा उठल्यावर पहाटे तो रस्ता झाडतो कोण? पौरकार्मिक, आणि त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. दर पाचशे लोकसंख्येमागे एक कामगार असावा, अशी शिफारस आय. पी. डी. सालप्पा समितीने सत्तरच्या दशकातच केली होती. ती बाजूला पडली, कंत्राटी पद्धत मात्र फोफावली. जुलै २०२२ मध्ये या कामगारांनी काम बंद ठेवले, तेव्हा सरकारला सेवेत कायम करण्याचे आश्वासन द्यावे लागले आणि १ मे २०२५ रोजी बारा हजारांहून अधिक पौरकार्मिकांच्या हाती नेमणुकीची पत्रे पडली. दारोदार फिरणाऱ्या कचरागाडीचे चालक व मदतनीस यांना त्यात स्थान नव्हते. घराघरांत वेगळा केलेला कचरा शेवटपर्यंत वेगळा राहतो की नाही, हे ज्यांच्या हातांवर अवलंबून आहे तेच वगळले गेले!

हा प्रश्न महापालिकेच्या सभागृहात मांडावयाचा तर तेथे नगरसेवक असावा लागतो. बृहत् बंगळूर महानगर पालिकेच्या १९८ नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असा राज्यघटनेचा दंडक असताना ती झाली नाही. कारभार प्रशासकाकडे गेला. गाडीच्या वेळा, खताचे वाटप, जत्रेची व्यवस्था यांविषयीची पत्रके त्यानंतरही निघत राहिली. परंतु ती अधिकाऱ्यांच्या सहीने. अधिकाऱ्याला रहिवासी विनंती करू शकतो, मत देऊन घरी बसवू शकत नाही. कंत्राटाची रक्कम कशी वाढली, सफाई कामगारांना हातमोजे का मिळाले नाहीत, हे विचारण्याची जागाच उरली नाही.

२ सप्टेंबर २०२५ रोजी त्या एका पालिकेच्या जागी पाच महानगरपालिका अस्तित्वात आल्या. पाचांपैकी एकीतही त्या दिवशी एकही निवडून आलेला सभासद नव्हता. नोव्हेंबरमध्ये नेहमीप्रमाणे परिषे भरली, शेंगा विकल्या गेल्या, पौरकार्मिकांनी टरफले झाडून गोळा केली. त्यांपैकी किती खताच्या खड्ड्यात गेली आणि किती गाडीत भरून शहराबाहेर गेली, हे सभागृहात विचारणारा बसवनगुडीचा नगरसेवक तेव्हाही नव्हता.