मनीऑर्डर पोचली नाही तर
(गावाबाहेर राहणाऱ्या कामगारांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मनीऑर्डर हरवली असे आपण म्हणतो, तेव्हा दोन निराळ्या गोष्टी एकत्र करतो. वाटेत फॉर्म गहाळ होणे ही एक आणि पैसे भलत्याच्या हाती पडणे ही दुसरी. पहिलीवर उपाय होता. पावती दाखवून अर्ज केला की टपाल खाते दुय्यम मनीऑर्डर काढीत असे. खरा झगडा दुसरीशी आहे.

१९७९ साली मी मुंबईच्या एका गिरणीत बदली कामगार होतो. कोकणात आईला साठ रुपये धाडले. पोच परत आली, तिच्यावर अंगठा. पाठोपाठ शेजारच्या मुलाने लिहिलेले आईचे पत्र आले, पैसे नाहीत. खोलीतले सोबती म्हणाले, म्हातारी विसरली असेल. पण माझी आई सही करीत असे! प्रौढ साक्षरता वर्गात ती तेवढेच शिकली होती आणि त्याचा तिला मोठा अभिमान होता. पावतीचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि सही-अंगठ्याचा हा फरक लिहून आम्ही पैसे भरलेल्या टपाल कचेरीत तक्रार दिली व तिची पोच घेतली. निरक्षर माणसाला पैसे देताना साक्षीदार लागतो. चौकशीत त्या साक्षीदाराने आपण तेथे नव्हतोच असे सांगितले. सात महिन्यांनी पैसे मिळाले. तोवर घर वाण्याच्या उधारीवर चालले.

पोस्टमनही कामगारच आहे, हे विसरू नये. तक्रारीत शिवीगाळ नको, वस्तुस्थिती हवी.

आणि विलंब तर मुळीच नको. १८९८ च्या टपाल कायद्याच्या ४८ व्या कलमानुसार मनीऑर्डर काढल्यापासून वर्ष उलटले की चुकीच्या वाटपाबद्दल सरकारवर दावा चालत नसे. पाठवणाऱ्याने नाव-पत्ता चुकीचा दिला असेल, तर त्याआधीही नाही. इंग्रजांनी स्वतःभोवती घातलेले हे कुंपण स्वतंत्र भारतात शंभरी ओलांडून टिकले! १८ जून २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा अमलात आला. नियमांनी ठरवून दिलेली तेवढी सोडून टपाल खात्यावर कोणतीच जबाबदारी नाही, असे त्यातही म्हटले आहे.

२००८ मध्ये ई-मनीऑर्डर आली, २०१५ मध्ये जुना फॉर्म बंद झाला. फॉर्म गहाळ होण्याची भीती गेली, भलत्या हाताची गेली नाही. म्हणून पावती जपा. पत्त्यात वडिलांचे वा नवऱ्याचे नाव आणि वाडी लिहा; एका गावात एकाच नावाच्या चार बाया असतात. पैसे कोणी, कोणासमोर घेतले, हे लेखी विचारा. आणि पैसे धाडाल त्याच दिवशी रक्कम घरी कळवा. आज फोन आहे. आम्ही तेवढ्यासाठी वेगळे पोस्टकार्ड टाकीत असू.