पत्र्याखालचें काम

मोटार झाडावर आदळते, तिचा पुढचा भाग चेपतो आणि कांहीं दिवसांनीं ती पुन्हा नव्यासारखी चकाकत दारीं येते. घरधनी रंगावरून हात फिरवितो व संतुष्ट होतो. परंतु रंगाखालीं काय घडलें, हें त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. आणि घरांतील मुलामाणसांचा जीव तर त्यावरच अवलंबून असतो.

पूर्वींच्या मोटारींत भक्कम सांगाड्यावर पत्र्याचें आवरण बसविलेलें असे. हातोडी, डॉली आणि सरावलेला डोळा एवढ्यावर डेंटरचें काम भागे. आजच्या बहुतेक मोटारींत सांगाडा व आवरण एकजीव असतात. शिवाय बेला बारेन्यी या अभियंत्याची कल्पना, जी १९५९ सालीं मर्सिडीझच्या गाडींत प्रत्यक्षांत आली, ती आतां सर्वत्र रूढ झाली आहे : पुढच्या व मागच्या भागानें चुरगळून आघात सोसावा आणि मधली बैठक अभंग राहावी. असा भाग कारागिरानें जाड पट्टी जोडून बळकट केला, तर पुढील अपघाताचा आघात आंतील माणसांपर्यंत पोंचतो. उलट, अतिबलवान पोलाद तापवून सरळ केलें, तर त्याचें बळ घटतें. दोन्ही चुका रंगाखालीं झांकल्या जातात.

गॅरेजांत उस्तादाच्या हाताखालीं वाढलेल्या मुलाचा हात तयार होतो, ही विद्या थोर खरी. पण ‘कसें’ कळलें तरी ‘कां’ हें अज्ञातच राहतें. तें शिकविण्याची सोय आहे. भारतांत १९५० सालीं कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, १९६१ सालीं उमेदवारीचा कायदा झाला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत मोटारीच्या बॉडीची दुरुस्ती व तिचें रंगकाम हे स्वतंत्र व्यवसाय आहेत. सांगाडा मापून पाहणें, योग्य वेल्डिंग करणें, एअरबॅगजवळ काम करण्यापूर्वीं बॅटरी सोडविणें, हें तेथें शिकावयाचें. रंगांतील आयसोसायनेटमुळें दमा जडूं शकतो. म्हणून योग्य मुखवटा चढविणें हाही धड्याचाच भाग होय.

सुशिक्षित घरांतून मुलगा कारकून झाला तर पेढे वांटतात, डेंटर झाला तर मान खालीं घालतात. मात्र अपघातांतून सांवरलेली गाडी त्याच डेंटरच्या हवालीं करतात. निदान गाडी परत घेतांना रंगाची चौकशी करण्याआधीं, सांगाड्याचीं मापें घेतलीं काय, एवढें तरी विचारावें.