स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर : एक जोडी



हयात फायलींत गेली असताना आम्ही जुन्या स्पोर्ट्स मोटारीवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु एका स्नेह्यांच्या एमजीबी गाडीने आम्हांस धडा दिला. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे तयार झालेल्या या गाडीस पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे कमानपाटे आणि चारही चाकांस तरफेच्या बनावटीचे, तेल भरलेले शॉकॲब्सॉर्बर असतात.

गाडी बसकी, रुबाबदार दिसावी म्हणून स्नेह्यांनी आखूड व दुप्पट कडक स्प्रिंगा बसविल्या. शॉकॲब्सॉर्बर मात्र जुनेच ठेवले. पहिल्याच खडबडीत वळणावर चाके उसळली, गाडी रस्ता सोडू लागली. थोडक्यात निभावले.

कारण साधे आहे. स्प्रिंग भार पेलते व हादरा साठविते. ती साठलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने जिरविणे हे शॉकॲब्सॉर्बरचे काम. स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर पूर्वीइतकाच आवर राखण्यासाठी शॉकॲब्सॉर्बरचा रोध सुमारे १.४ पट वाढवावा लागतो. शिवाय या गाडीत पुढील शॉकॲब्सॉर्बरची तरफ हाच चाकाचा वरचा आधार असतो. ती झिजली की चाकच डगमगते.

तेव्हा प्रथम रबरी बुश आणि तेल तपासावे, मूळ मापाच्या स्प्रिंगा घालून पाहाव्यात. बदलच करावयाचा, तर दोहोंची निवड एकत्र करावी. रुबाब थोडा उणा झाला तरी चालेल; चाकाने जमीन सोडता कामा नये.