गोदेच्या पाण्यामागोमाग : नाशिकच्या निवांत सायकल-वाटा

नाशिक हें नांव उच्चारतांच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें रामकुंड, काळारामाचें मंदिर आणि सिंहस्थाची गर्दी उभी राहते. यात्रेकरू आगगाडीनें अथवा मोटारीनें येतो, स्नान व दर्शन करून परत जातो. ज्या पाण्यांत त्यानें स्नान केलें तें कोठून आलें व पुढें कोठें जाणार, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाहीं. आणि पडला तरी मोटारीच्या वेगांत त्याचें उत्तर सांपडत नाहीं. तें शोधण्यास सर्वांत सोयीचें साधन म्हणजे सायकल. पायीं जाणारास एका दिवसांत फार लांबचा पल्ला गांठतां येत नाहीं आणि मोटारींत बसणारास वाटेवरचें फारसें कांहीं दिसत नाहीं. सायकल ही या दोहोंच्या मधली चाल आहे. तिच्यावर बसलेल्या माणसाला चढ पायांना कळतो, वारा अंगाला कळतो, आणि ओढा जवळ आला कीं पूल दिसण्याआधींच त्याचा गारवा जाणवतो.

या प्रवासाची गोडी समजण्यासाठीं नाशिक जिल्ह्याची ठेवण प्रथम ध्यानांत घ्यावी लागते. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत आहे. तेथें इगतपुरीस वर्षाकाठीं सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरांत तो सुमारें ७०० मिलिमीटरांवर येतो आणि निफाडच्या बाजूस सुमारें ५०० मिलिमीटरांवर. हा सारा फरक अवघ्या ७०-८० किलोमीटरांच्या टापूंत घडतो. पाऊस डोंगरांत आणि काळी कसदार जमीन पूर्वेकडील मैदानांत, अशी ही निसर्गाची विषम वांटणी आहे. ती सुधारण्यासाठीं येथें शंभराहून अधिक वर्षें धरणें, बंधारे आणि कालवे बांधले जात आहेत. मोठी वाहतूक हमरस्त्यांनीं धांवते. तलावांच्या आणि नदीच्या कांठचे गांवरस्ते मात्र अजून बरेचसे शांत राहिले आहेत. तेच सायकलस्वाराचे रस्ते. त्यांपैकीं तीन वाटा येथें सांगण्याजोग्या आहेत.

पहिली वाट शहरांतूनच पश्चिमेस निघते. गंगापूर रस्त्यानें आनंदवल्ली मागें टाकली कीं सोमेश्वराचें देऊळ लागतें, आणि तेथून जवळच गोदावरी काळ्या खडकावरून उड्या घेत खालीं येते. पुढें गंगापूर गांव आणि गोवर्धन. शहर येथवर पसरत आलें असल्यानें इतक्या अंतरांत गाड्यांची वर्दळ सोसावी लागते. गोवर्धनच्या पुढें रस्ता मोकळा होतो. दोहों बाजूंस द्राक्षांचे मांडव दिसूं लागतात आणि लवकरच गंगापूर धरणाची लांबच लांब मातीची भिंत दृष्टीस पडते. हें धरण १९६५ मध्यें पूर्ण झालें. त्याचा बांध ३ किलोमीटरांहून अधिक लांब आहे. नाशिककरांच्या पिण्याच्या पाण्याचा हा मुख्य आधार असल्यामुळें बांधावर मुक्त प्रवेश नाहीं, आणि तो नसावा हेंच योग्य. सायकलस्वारानें गिरणाऱ्याची वाट धरावी. टोमॅटोच्या हंगामांत गिरणाऱ्याच्या बाजारांत क्रेटांच्या थप्पी लागतात आणि रस्त्यावर छोट्या टेंपोंची धांवपळ असते. तेवढे दिवस भल्या पहाटे निघणें बरें. गिरणाऱ्याहून पुढें धोंडेगांवाकडे वळलें कीं काश्यपी धरणाचा जलाशय डोंगरांच्या कुशींत पसरलेला दिसतो.

येथें क्षणभर थांबून पाण्याकडे पाहावें. काश्यपीचें पाणी सोडलें म्हणजे तें गंगापूरच्या तलावांत उतरतें आणि तेथून शहराकडे जातें. ज्यांच्या जमिनी या पाण्याखालीं गेल्या, त्या कुटुंबांनीं नोकरीसाठीं आणि पुनर्वसनासाठीं वर्षानुवर्षें मागण्या केल्या आहेत. प्रसंगीं पाणी सोडण्यासही विरोध केला आहे. शहरांतल्या माणसाला ही गोष्ट वर्तमानपत्रांत चार ओळींनीं कळते. सायकलवरून येथवर येणारास तोंच तलाव, तींच शेतें आणि तींच माणसें समोर दिसतात. तलावाचें सौंदर्य त्यामुळें उणें होत नाहीं. परंतु तें कोणाच्या तरी त्यागावर उभें आहे, हें ध्यानीं येतें.

दुसरी वाट लांब आहे आणि चांगल्या सरावाच्या माणसासाठीं आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वर सुमारें २८ किलोमीटर. हा रस्ता पूर्वीं वडांच्या सांवलीचा आणि टांग्यांचा होता. आज तो गजबजलेला आहे. म्हणून सूर्योदयापूर्वीं निघून, अंजनेरीचा डोंगर डाव्या हातास ठेवून, ऊन चढण्याच्या आंत त्र्यंबक गांठावें. समोर ब्रह्मगिरी उभा असतो. त्याची उंची सुमारें १,३०० मीटर. याच डोंगरांत गोदावरी उगम पावते आणि १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. वैतरणाही याच परिसरांत जन्मते. परंतु ती पश्चिमेस वळते आणि विरारच्या उत्तरेस अरबी समुद्रास मिळते. एका डोंगराच्या दोन लेकी, एक पूर्वेच्या समुद्राला दिलेली, दुसरी पश्चिमेच्या.

त्र्यंबकहून वैतरणा तलावाच्या बाजूनें घोटीस जाणारा जो रस्ता आहे, तो या मुलखांतील अत्यंत रम्य रस्त्यांपैकीं एक होय. भाताचीं खाचरें, नागलीचीं माळरानें, कौलारू घरांचे पाडे आणि मधूनमधून दिसणारें अफाट पाणी! या रस्त्यावर सायकलस्वार दोन खोऱ्यांची सीमा ओलांडतो. तेथें मोठा घाट नाहीं. खूण म्हणून कांहीं दिसतही नाहीं. मात्र एका उतारावर पडलेला पाऊस नाशिक, पैठण आणि नांदेडाकडे जातो आणि दुसऱ्या उतारावर पडलेला पाऊस मुंबईच्या घराघरांतील नळांत पोंचतो. कारण ऊर्ध्व वैतरणा हा मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांपैकीं एक आहे. नाशिक जिल्ह्यांतल्या पाड्यावर पडलेला पाऊस मुंबईंतल्या चाळींत हंड्यांत भरला जातो, ही गोष्ट नकाशावर वाचणें निराळें आणि त्या पाण्याच्या कांठानें स्वतः चाकें फिरवीत जाणें निराळें.

घोटीहून परततांना मुंबई-आग्रा हमरस्ता टाळावा. सिन्नरकडे जाणाऱ्या रस्त्यानें पांढुर्ली गांठून तेथून भगूरमार्गें देवळालीस व नाशिकास येतां येतें. हा फेरा १०० किलोमीटरांहून अधिक भरतो. ज्यांना तो एका दिवसांत झेपणार नाहीं त्यांनीं घोटीस मुक्काम करावा. याच भागांतून मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग जातो. ५ जून २०२५ रोजीं तो संपूर्ण खुला झाला. त्यावर सायकलीला मज्जाव आहे, आणि त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. वेगवान वाहनें त्या बाजूस जितकीं जातील तितके जुने रस्ते सुखाचे होतील.

तिसरी वाट पूर्वेची. ती सपाट आहे, म्हणून नवशिक्यांस आणि वयस्कांस सोसणारी आहे. गोदेच्या कांठाकांठानें चांदोरी-सायखेड्यावरून नांदूरमध्यमेश्वरास जावें. अंतर एका बाजूस सुमारें ४५ ते ५० किलोमीटर. वाटेंत ऊंस, कांदा आणि द्राक्षें यांचीं शेतें आहेत. चांदोरीस नदीचें पाणी ओसरलें कीं पात्रांतलीं जुनीं दगडी मंदिरें उघडीं पडतात. हीं गांवें नदीच्या कृपेवर जगतात आणि तिचा कोपही सोसतात. २०१६ व २०१९ च्या महापुरांत चांदोरी-सायखेड्यांत घरांत आणि दुकानांत पाणी शिरलें होतें.

नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ आहे. १९०७ ते १९१३ या काळांत तो बांधला गेला. इगतपुरी तालुक्यांतल्या दारणा धरणांतून सोडलेलें पाणी नदीवाटे येथें येतें आणि डाव्या-उजव्या कालव्यांनीं निफाड, येवलें, कोपरगांव, राहाता या बाजूंस जातें. बंधाऱ्यामागें वर्षानुवर्षें गाळ सांचत गेला. पाणी उथळ झालें, बेटें तयार झालीं, पाणवनस्पती वाढल्या, आणि पक्ष्यांना हवें तसें घर आयतेंच मिळालें. जो गाळ गंगापूरच्या तलावांत नाशिककरांच्या पाण्याचा शत्रु, तोच येथें पक्ष्यांचा पोशिंदा झाला. १९८६ मध्यें हें अभयारण्य जाहीर झालें आणि पुढें महाराष्ट्रांतलें पहिलें रामसर स्थळ होण्याचा मान त्याला मिळाला. हिंवाळ्यांत येथें चक्रवाक, पट्टकादंब, चमचे, करकोचे आणि काळे वारकरी पक्षी दिसतात. मोटार थांबली कीं दार वाजतें आणि थवा उडतो. सायकल मात्र आवाज न करतां पाण्याजवळ जाते. पक्षी पाहणारास हा लाभ थोडा नव्हे.

याच ठिकाणीं पाण्याच्या तंट्याचाही उलगडा होतो. खालीं पैठणास जायकवाडीचें धरण आहे. तें १९७६ मध्यें पूर्ण झालें. वरच्या धरणांतून त्यासाठीं किती पाणी सोडावें, यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांत वाद चालत आला आहे. २००५ च्या कायद्यानें समन्यायी वांटपाचें तत्त्व आणलें, २०१४ मध्यें त्याचें प्रमाण ठरविण्यांत आलें, आणि २०१५, २०१८ व २०२३ या वर्षीं वरच्या धरणांतून खालीं पाणी सोडण्यांत आलें. वरचा म्हणतो, आमचीं पिकें वाळतील. खालचा म्हणतो, आमचे घसे वाळले आहेत. दोहोंचेंही म्हणणें खोटें नाहीं. न्यायनिवाडा करणें हें सायकलस्वाराचें काम नव्हे. पण ज्यानें ब्रह्मगिरीच्या पायथ्यापासून नांदूरपर्यंत तेंच पाणी डोळ्यांनीं पाहिलें, त्याच्या तोंडून ‘आमचें पाणी’ हे शब्द जरा जपूनच बाहेर पडतील.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. उत्तम काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. निफाडच्या बाजूस पौष-माघांत कडाक्याची थंडी पडते; तिकडे जातांना कान आणि हात झांकलेले असावेत. पावसाळ्यांत वारा पश्चिमेचा असतो. म्हणून अंगांत जोम असतांना पश्चिमेस जावें आणि थकल्यावर वाऱ्याच्या पाठबळानें परतावें. फरशीवरून पाणी वाहत असेल तर ओलांडण्याचें साहस करूं नये. कालव्याकांठीं बाभळीचे कांटे फार. पंप, जादा ट्यूब आणि ठिगळांचें साहित्य जवळ ठेवावें. तलावांत पोहूं नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यानें अनेक जीव घेतले आहेत. एके काळीं बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलिस अडवीत असत. ती सक्ति आज जाणवत नाहीं. परंतु दिव्याची गरज पूर्वींपेक्षां अधिकच आहे.

नाशिकच्या सायकलस्वारांनीं मोठे पराक्रमही केले आहेत. डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ मध्यें अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारें ३,००० मैलांची शर्यत पुरी केली. ती पुरी करणारी ती पहिली भारतीय जोडी. दरवर्षीं नाशिकहून पंढरपुरास सायकलवारीही जाते. परंतु येथें सांगितलेल्या वाटा विक्रमासाठीं नाहींत. त्यांवर प्रथम हक्क आहे तो शाळेस जाणाऱ्या मुलींचा, दुधाच्या किटल्या लावून निघणाऱ्या गवळ्याचा आणि डोक्यावर भारा घेऊन परतणाऱ्या शेतकरणीचा. शहरी सायकलस्वार हा त्यांचा पाहुणा आहे; त्यानें घंटी हळू वाजवावी आणि वाटेंतल्या टपरीवर चहा घ्यावा.

शहर वाढत आहे, आणि सिंहस्थाच्या निमित्तानें रस्ते रुंद होत आहेत. रुंदीकरण अटळ असेल. पण रस्ता रुंद करतांना कडेला सायकलीपुरती पट्टी आणि जुन्या झाडांची सांवली राखणें अशक्य नाहीं. अशी मागणी ज्यांनीं ती वाट कधीं तुडविली नाहीं ते करणार नाहींत. म्हणून श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं सायकल धूळ खात पडली असेल, त्यांनीं येत्या रविवारीं तिच्या चाकांत हवा भरावी आणि उजाडण्यापूर्वीं गोदेच्या कांठानें कोणत्याही एका दिशेस निघावें. पश्चिमेस गेल्यास पाणी कोठून येतें तें कळेल, पूर्वेस गेल्यास तें कोणाकोणाला हवें आहे तें कळेल.