उतारशाळेचा खर्च

(सहायकांच्या वार्षिक सभेतील भाषण)



शस्त्रक्रिया झालेला आपला आदिवासी रुग्ण पुन्हा दवाखान्यात दाखल झाला, की पहिले वाक्य ऐकू येते, "यांना सांगून कळतच नाही." त्या वाक्याविषयी मला बोलायचे आहे.

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली बाई सिझर होऊन घरी निघते, तेव्हा तिला सांगितलेले असते : जड उचलू नको, जखम कोरडी ठेव, टाके दाखवायला ये. तिला सारे कळते. पण रस्ता संपतो तिथून पाडा दोन तास चढावर. दवाखान्यात नेताना चौघांनी झोळीतून आणले. टाक्यांसाठी ते चौघे पुन्हा कुठून आणायचे? पाणी झऱ्यावरून. तिने हंडा उचलायचा नाही तर घरात दुसरी बाई हवी, आणि दिवाळीनंतर ती गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असते. जखम चिघळते, ताप चढतो, मग ती परत येते, तीही उशिरा. काही जणी येतच नाहीत. त्यांची नोंद कुठेच होत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेक शस्त्रक्रिया मोफत होतात, ही मोठीच गोष्ट. बुडालेली मजुरी मात्र त्यात नाही.

अमेरिकेत ३० दिवसांत प्रमाणाबाहेर रुग्ण परत आले, तर २०१२ पासून मेडिकेअर त्या रुग्णालयाचे पैसे कापते. कात्री जास्त लागली ती गरिबांना सांभाळणाऱ्या रुग्णालयांनाच. शेवटी २०१९ च्या आर्थिक वर्षापासून गरीब रुग्णांचे प्रमाण सारखे असलेल्या रुग्णालयांचीच आपसांत तुलना होऊ लागली. रुग्ण परत येतो त्यात त्याच्या घरचाही वाटा असतो, एवढे तिथे मान्य झाले.

लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी आठवा. तेल व द्राक्षारस ओतून, जखमा बांधून तो थांबला नाही. उतारशाळेत नेले, दोन नाणी ठेवली, आणखी लागेल ते परत येताना देतो म्हणाला. आपल्या देणग्या बहुधा तेल-द्राक्षारसावर जातात. (शिबिरांचे फोटोही छान येतात.)

माझी मागणी उतारशाळेच्या पैशांची आहे. टाके निघेपर्यंत बाळंतीण आणि सोबतचे माणूस तालुक्याच्या गावी राहतील अशी एक खोली, शिधा, सोबतच्याची मजुरी आणि ड्रेसिंगला नेणारे कोणीतरी. ज्या मंडळीजवळ रिकामी खोली असेल त्यांनी आजच मला भेटावे. खोली जूनच्या आधी हवी. एकदा नाले भरले की पाड्यावरून परत येण्याची वाटच राहत नाही.